चिमूटभर अन्नाचा हिशेब

आमच्या घरात समुद्र आला तो गेल्या वर्षीच्या मार्गशीर्षात. घाटाच्या वरच्या अंगास वसलेल्या पुण्यात समुद्र यावा कसा, अशी शंका वाचकांस येईल. तो आला कोरड्या मिठाच्या रूपाने, दोन बादल्यांतून. आमचा नातू श्रीनिवास रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्गात शिकतो. त्याने चार फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच अशी काचेची टाकी दिवाणखान्यात आणून ठेविली, गाळून शुद्ध केलेल्या पाण्यात दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या प्रमाणात समुद्रलवण विरघळविले, आणि "आजोबा, हा समुद्र," असे म्हणून हात पुसले. टाकीतील दगड व वाळू वजा जाता पाणी भरले दोनशे लिटर. समुद्राचा असा हिशेब लागतो हे आम्हांस नवेच होते.

हा खटाटोप कशासाठी, तेही सांगितले पाहिजे. आमची थोरली बहीण अक्का वयाच्या अठराव्या वर्षी गुहागराहून लग्न होऊन घाटावर आली. आम्ही तेव्हा सहा वर्षांचे होतो. पुढे तिचे यजमान निवर्तले आणि ती आमच्या घरी राहावयास आली. आज ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून तिचे कोकणात जाणे बंद झाले. एकदा जेवताना ती सहज म्हणाली, "समुद्र एकदा पाहावयाचा होता." मोठ्यांनी ते ऐकले आणि ताकभात पुढे ओढला. श्रीनिवासाने मात्र ते मनात धरिले.

टाकी भरली म्हणजे मासे सोडता येतात, ही आमची समजूत पहिल्याच दिवशी खोटी ठरली. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया निर्माण होतो, तो त्यांना विषासारखा. त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करणारे सूक्ष्म जंतू दगडांवर व वाळूत वसावे लागतात, आणि त्यास पाच-सहा आठवडे जातात. तोवर घरातील मंडळी नुसत्या पाण्याकडे पाहत बसली. आमच्या कुटुंबाने तर "निदान एक कमळ तरी लावा," अशी सूचना केली. पौषाच्या अखेरीस चार मासे आले. त्यांतील दोन केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे क्लाउन जातीचे होते. क्लाउन म्हणजे विदूषक, तेव्हा आम्ही त्यांची नावे संस्कृत नाटकांतील विदूषकांवरून मैत्रेय व माढव्य अशी ठेविली. त्यांच्या जोडीस परदेशात टाकीतच वाढविलेली तीन मृदु प्रवाळे आली. आपल्या समुद्रातील कठीण प्रवाळांस २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे कवच आहे. ते काढणे वा विकणे हा गुन्हा. म्हणूनच टाकीतील दगडही जिवंत नव्हते. एका गृहस्थाने आपली जुनी टाकी मोडली होती, त्याचे वाळलेले दगड निम्म्या किमतीत मिळाले. हा सौदा आम्ही ठरविला होता, आणि त्याबद्दल चारचौघांत स्वतःची पाठही थोपटून घेतली होती.

अक्काची खुर्ची टाकीसमोर गेली ती तेथेच राहिली.

माघात काचेवर तपकिरी थर धरू लागला. नव्या टाकीत असे होतेच, असे श्रीनिवास म्हणाला. पण फाल्गुनात दगडांवर हिरवे, केसांसारखे लांब शेवाळ माजले आणि प्रवाळांच्या देठाशी गुंडाळू लागले. श्रीनिवासाजवळ मुठीत मावेल असा एक मीटर आहे. कुपीत टाकीचे पाणी घेऊन त्यात पुडीतील चूर्ण घातले की पाण्यातील फॉस्फेटच्या प्रमाणात त्यास निळी छटा येते आणि मीटर ती मोजून आकडा दाखवितो. कुपीवर बोटाचा ठसा राहिला तरी आकडा चुकतो, म्हणून ती दर वेळी मऊ कापडाने पुसावी लागते. पहिल्या महिन्यात लिटरला ०.०३ मिलिग्रॅम असलेला आकडा ०.०८ झाला, पुढे ०.२१, आणि होळीच्या सुमारास ०.४६. प्रवाळभित्तींवरील स्वच्छ समुद्रात तो बहुधा ०.०२ च्याही खाली असतो. घरच्या टाकीत ०.०३ ते ०.१० पर्यंत चालते. आमचा समुद्र चौपटीच्याही पलीकडे गेला होता. तेही मोठे शेवाळ पाण्यातला पुष्कळसा अंश खाऊन टाकीत असताना! खरा आकडा याहून मोठाच असणार.

फॉस्फेटातील मूलद्रव्यास आपले शेतकरी स्फुरद म्हणतात. नत्र, स्फुरद, पालाश ही त्रयी खताच्या पोत्यावर सर्वांनी वाचलेली असते. स्फुर् या धातूचे स्पंदणे व चमकणे असे दोन्ही अर्थ आहेत. १६६९ साली हॅम्बुर्ग येथील हेनिग ब्रांट नावाच्या किमयागाराने सोन्याच्या शोधात मूत्र आटविले, तेव्हा त्यास सोने न मिळता अंधारात उजळणारा हा पदार्थ मिळाला. जीवमात्राच्या अस्थींत व पेशीपेशींत तो आहे. त्याच्यावाचून गवताचे पातेही उगवत नाही, आणि म्हणूनच तो जेथे साचतो तेथे नको ते उगवते.

यातील मर्म श्रीनिवासाने आम्हांस एका वाक्यात सांगितले: "आजोबा, नत्राला दार आहे, स्फुरदाला नाही." दगडांच्या पोटात, जेथे प्राणवायू पोहोचत नाही तेथे, काही जंतू नायट्रेटचे रूपांतर वायूत करितात आणि तो बुडबुड्याने हवेत निघून जातो. स्फुरदाची अशी वाट नाही. जो अन्नातून आत आला तो आतच राहतो. माशाच्या अंगी लागेल, शेवाळात शिरेल, गाळात बसेल, पण आपण हाताने बाहेर काढल्याशिवाय जाणार नाही. आम्ही संस्कृताबरोबर कित्येक वर्षे गणितही शिकविले, म्हणून लगेच पाटी मांडली. माशांच्या कोरड्या खाद्यात स्फुरद शेकडा १ च्या आसपास असते. म्हणजे एक ग्रॅम खाद्यात १० मिलिग्रॅम स्फुरद, आणि त्याचे फॉस्फेट होते सुमारे तिप्पट, ३० मिलिग्रॅम. दोनशे लिटरांत ते पसरले की लिटरला ०.१५. एका ग्रॅमने एवढे! चार माशांस दिवसाकाठी पाव ग्रॅम, म्हणजे एक बारीक चिमूट, पुरे होती. मग एवढा स्फुरद आला कोठून?

याच सुमारास श्रीनिवास महाविद्यालयाच्या सहलीबरोबर दहा दिवस बाहेरगावी गेला आणि टाकीचा कारभार आमच्याकडे आला. जाताना त्याने लोहाच्या एका संयुगाचे तांबूस दाणे, दिसण्यात गंजाच्या चुऱ्यासारखे, एका डब्यात भरून ठेविले होते. हे दाणे फॉस्फेट आपल्याशी बांधून घेतात. डब्यावर त्याने लिहिले होते: "आधी निम्मेच. घाई नको."

आम्ही प्रथम चौकशी आरंभिली. शाळेत शाई सांडली की ज्याच्या बोटांस शाई त्यास उभे करावे, ही आमची रीत. दुसऱ्या दिवशी दुपारी आमची नात मुक्ता, वय नऊ, खाद्याचा डबा हाती घेतलेली सापडली. "मी एकदाच घालते, आजोबा," ती म्हणाली. आम्ही म्हणालो, "एकदाच घालणाऱ्याच्या हातून पाणी असे होत नाही." ती पुन्हा तेच म्हणाली. तेव्हा आम्ही तिला सर्वांदेखत खोटेपणाबद्दल बोललो, आणि आमच्या आवाजात वर्गातली धार होती हे आम्हांस ठाऊक आहे. तिने डबा मेजावर ठेविला आणि ती आत गेली. त्यानंतर ती टाकीकडे फिरकली नाही, आणि आमच्याकडेही नाही.

गुन्हेगार सापडला, आता शुद्धी करावयाची. श्रीनिवास परत येईल तेव्हा पाणी निर्मळ दिसावे, या हौसेने आम्ही निम्मे सोडून डब्यातील सगळेच दाणे जाळीच्या पिशवीत बांधले व पंपाच्या प्रवाहात टांगले. आकडा खरोखरच उतरला. पहिल्या दिवशी ०.२२, तिसऱ्या दिवशी ०.०३, चौथ्या दिवशी ०.००. आम्ही तो शून्य घरातील प्रत्येकास नेऊन दाखविला. सहाव्या दिवशी छत्रीसारखे मोठे प्रवाळ मिटले ते उघडेचना. आठव्या दिवशी ते देठापासून वितळू लागले. हिरवे शेवाळ विरळ झाले खरे, परंतु वाळूवर बुडबुड्यांनी भरलेला तपकिरी चिकट पडदा पसरला. अक्का खुर्चीत बसून ते सारे पाहत होती. ती एवढेच म्हणाली, "त्याचे काही तरी दुखते आहे रे."

श्रीनिवास आला, त्याने पिशवी पाहिली आणि काही न बोलता ती बाहेर काढिली. मोठे प्रवाळ वाचले नाही. त्याने आम्हांस दोष दिला नाही; नुसते समजावून सांगितले, आणि तेच अधिक लागले. प्रवाळासही स्फुरद हवाच. महिनोन्‌महिने ज्या पाण्यास तो सरावला ते चार दिवसांत पालटले की तो धक्का त्यास सोसत नाही. शिवाय पाणी असे पार निःसत्त्व झाले की नेहमीचे शेवाळ उपाशी पडते आणि डायनोफ्लॅजेलेट नावाच्या सूक्ष्म जीवांस रान मोकळे मिळते. वाळूवरचा तो पडदा त्यांचाच होता. आठवड्याभरात आकडा आपणहून पुन्हा ०.१५ वर आला. कोणी काही घातले नसताना तो वर चढावा कसा?

त्याचा उलगडा करण्यासाठी श्रीनिवासाने दोन बादल्या मांडल्या. दोहोंत ताजे खारे पाणी, दोहोंत एकेक छोटा पंप. एकीत टाकीतील दगडाचा एक तुकडा घासून-धुऊन ठेविला, दुसरीत काहीच नाही. खाद्याचा कणही नाही. सात दिवसांनी कोऱ्या बादलीत आकडा ०.०१ भरला; दगडाच्या बादलीत ०.३८. हे दगड म्हणजे चुन्याचा एक प्रकार. पाण्यात फॉस्फेट वाढले की ते त्यांच्या अंगास चिकटते, आणि पाण्यातले कमी झाले की ते सुटू लागते. जुन्या मालकाच्या टाकीतील वर्षानुवर्षांची शिल्लक आम्ही निम्म्या किमतीत घरी आणली होती, आणि लोहाच्या दाण्यांनी आम्ही पाणी जितके चटकन धुतले तितके दगड अधिक ओतीत गेले.

तरीही हिशेब पुरा जुळेना. तेव्हा श्रीनिवासाने रात्रीच्या जेवणाच्या वेळी सहज विचारले, "खाद्य कोण कोण घालते? रागावणार कोणी नाही." क्षणभर शांतता पसरली. सून म्हणाली, "मी सकाळी शाळेचा डबा झाला की चिमूटभर घालते, मला वाटे, सगळे घाईत विसरतात." मुक्ता मान खाली घालून म्हणाली, "दुपारी एकदा." अक्का म्हणाली, "मी पहाटे. देवाला दिवा लावला की." मग सर्वांची नजर आमच्याकडे वळली, कारण सायंकाळी फिरून आल्यावर टाकीपाशी उभे राहावयाचे आणि विदूषकांस चार दाणे टाकावयाचे, हा आमचा नेम दोन महिन्यांचा. प्रत्येकाची चिमूट पाव ग्रॅमाची. चार चिमटी म्हणजे एक ग्रॅम. पाटीवर आम्ही मांडलेले ०.१५ ते हेच. त्यातच, वाफ होऊन उडालेल्या पाण्याची भर घालताना शुद्ध पाण्याचा पिंप रिकामा दिसला की आम्ही सरळ नळाचा तांब्या ओतीत असू, हेही कबूल करावे लागले. वाफेने पाणी जाते, क्षार जात नाहीत. त्यामुळे नळाच्या पाण्यातून जे काही येते ते तांब्यामागून तांब्या साचत जाते.

म्हणजे दगड आमचे, नळाचे पाणी आमचे, सायंकाळची चिमूट आमची. आणि शिक्षा भोगली मुक्ताने.

चौतीस वर्षांच्या नोकरीत आम्ही किती मुलांना बोटांवरील शाई पाहून उभे केले असेल, याचा हिशेब त्या रात्री आमच्याने लागेना. त्यांतील एकाची तरी क्षमा मागितल्याचे आम्हांस स्मरत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्ता वेणी घालून घेत बसली होती, तेथे आम्ही गेलो. म्हणालो, "मुक्ता, तू खरे बोलत होतीस. चूक आमची होती. आम्ही तुला सर्वांदेखत बोललो, म्हणून हेही सर्वांदेखत सांगतो." तिची आई वेणी घालावयाची थांबली. मुक्ताने आमच्याकडे पाहिले व विचारले, "मग मी आता डबा हातात घेऊ का?" आम्ही "घे" म्हणालो. ज्या प्रश्नाचे उत्तर देणे जड जाईल असे आम्हांस वाटले होते, तो तिने विचारलाच नाही.

राहिला प्रश्न अक्काचा. खाद्य दिवसातून एकदाच, एकाच्या हातून, हे ठरले. पण ते अक्काला सांगावे कोणी? आम्हीच सांगितले. ती बराच वेळ टाकीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "बाळ, मी खुर्चीशी आले की ते सारे काचेशी येतात. या घरात मी आल्यावर लगबगीने उठून येणारे दुसरे कोण आहे रे? खायला घातले नाही तर ते तरी कशाला येतील?" यात तक्रार नव्हती; विचारावयाचे म्हणून तिने विचारले होते. तिची खोली आमच्या खोलीपासून बारा पावलांवर आहे. आम्ही रोज सायंकाळी तिच्या खुर्चीजवळ उभे राहत होतो, पण माशांकडे तोंड करून.

शेवटी श्रीनिवासाने तोड काढिली. अक्काच्या औषधांची सात वारांची सात खणांची डबी असते, तशीच दुसरी आणिली. दर रविवारी मुक्ता सोनाराच्या काट्यासारख्या लहानशा काट्यावर पाव-पाव ग्रॅम तोलून सातही खण भरते, आणि रोज पहाटे त्या-त्या वाराचा खण अक्का रिता करिते. दुसऱ्या कोणीही दाणा टाकावयाचा नाही. आठवड्यातून एकदा दहावा हिस्सा पाणी बदलतो, त्या वेळी नळीने वाळूवरचा गाळ ओढून घेतात. फेस काढणारे यंत्र अखंड चालू असते. गुऱ्हाळात काहिलीवरील मळी काढितात तसे ते पाण्यातील घाण कुजण्यापूर्वीच वर काढते. वरून टाकावयाचे पाणी केवळ गाळलेले. पिंप रिकामा दिसला तर आम्ही तांब्यास हात लावीत नाही. लोहाचे दाणे थोडे-थोडे घालून वरचेवर बदलतात. आणि खालच्या लहान टाकीत कीटोमॉर्फा नावाचे, गुंतलेल्या हिरव्या दोऱ्यासारखे शेवाळ लाविले आहे. त्यास रात्री दिवा असतो. ते पाण्यातील स्फुरद खाऊन वाढते. पंधरवड्याने मूठभर उपटून तुळशीच्या आळ्यात घालावयाचे, मात्र आधी गोड्या पाण्यात खळखळून, नाही तर मिठाने तुळस जाईल. ज्या शेवाळाशी वैर मांडले होते त्याच्याच एका भावंडास असे कामास लाविले. स्फुरदाला दार नव्हते, ते आम्ही काढून दिले एवढेच.

दगडांची शिल्लक एका दिवसात फिटली नाही. चैत्रात ०.३०, वैशाखात ०.२२, आषाढी एकादशीस ०.१२, श्रावणात ०.०७. तेथे तो थांबला, आणि श्रीनिवास म्हणतो की थांबू द्यावा, शून्य नको. वाळूवरचा पडदा मागेच गेला. उरलेली दोन प्रवाळे फुलतात. मोठ्याची जागा रिकामी आहे. ती भरावी असे आम्ही अद्याप म्हटलेले नाही.

उन्हाळ्यात मुठेच्या पुलावरून जाताना जलपर्णीचा हिरवा गालिचा दिसतो, तो पूर्वी आम्हांस कोणा दुसऱ्याचा अपराध वाटे. आता वाटते, एवढ्या मोठ्या शहरात प्रत्येक घरातून एकेक चिमूट जाते: साबणाची, सांडपाण्याची, उरल्यासुरल्याची. प्रत्येकास आपली चिमूट तेवढी ठाऊक असते.

आमचा सायंकाळचा नेम अजून चालू आहे. फिरून आलो की टाकीपाशी जातो. खाद्याचा डबा तेथे नसतो. अक्काशेजारी एक दुसरी खुर्ची आता कायमची पडली आहे, तीवर बसतो. ती गुहागरच्या समुद्राच्या गोष्टी सांगते. त्यांतल्या काही आमच्या जन्माच्याही आधीच्या आहेत आणि आम्ही त्या पूर्वी कधी ऐकल्या नव्हत्या. मैत्रेय व माढव्य काचेशी येतात, काही मिळत नाही असे पाहून थोडे घुटमळतात, पण लगेच जात नाहीत. परवा अक्का म्हणाली, "बघ, रिकाम्या हातीसुद्धा येतात." आम्ही "हो" म्हणालो आणि खुर्ची थोडी पुढे सरकविली.